अर्थची वायर उघडी चालेल की पाईपातच हवी? खड्ड्यापासून बाथरूमपर्यंत कसं ठरवायचं

ठाण्यातल्या एका सोसायटीत पाण्याच्या पंपाचं पॅनल बघायला गेलो होतो. सफाईच्या मावशी ओल्या फरशीवर उभ्या होत्या, पॅनलच्या दाराला हात लागला आणि झटका बसला. थोडक्यात निभावलं. पंप मात्र झकास चालू होता, दिवेही चालू होते, कुणाची कसली तक्रार नव्हती. पॅनलच्या मागून निघालेली अर्थची हिरवी अडीचची (म्हणजे २.५ चौरस मिमी जाडीची) वायर भिंतीच्या पायथ्याने गेली होती आणि जिथे रोज शिडी टेकवली जायची, नेमक्या त्या कोपऱ्यात तुटली होती. तांब्याची दोन्ही टोकं काळपट-हिरवी पडलेली होती. कालपरवा तुटलेली तार अशी दिसत नाही. ती तुटून निदान एक पावसाळा उलटला होता.

हा लेख त्या दोन टोकांमुळे लिहितोय. फेज तुटला की पंप बंद पडतो. न्यूट्रल तुटला की दिवा जातो. दोन्ही वेळा पाच मिनिटांत कुणीतरी वायरमनला फोन करतं. अर्थ तुटली की काहीही होत नाही. जिच्यावर जीव अवलंबून आहे, ती एकच वायर तुटल्याचं सांगत नाही. ज्या दिवशी मोटरचं वाइंडिंग बॉडीला लागतं, त्या दिवशी कळतं. म्हणून फेजच्या वायरला जेवढं जपता तेवढं अर्थला जपा, असं मी म्हणत नाही. त्याहून जास्त जपा, असं म्हणतो.

मग प्रत्येक अर्थ वायर पाईपातच घालायची का? नाही, नियमही तसं सांगत नाही. वायर किती जाड आहे, ती कुठून जाते आणि तिथे तिला काय लागू शकतं, यावर ते ठरतं. या तीन गोष्टी एकत्र कशा बघायच्या, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. उपकरणाची धातूची बॉडी जमिनीशी आणि पुरवठ्याच्या अर्थशी जोडणं म्हणजे अर्थिंग. इमारतीतल्या धातूच्या वस्तू, म्हणजे पाण्याचा लोखंडी पाईप, गॅसचा पाईप, लिफ्टचे रूळ, डक्ट, या एकमेकींशी आणि मुख्य अर्थबारशी, म्हणजे सगळ्या अर्थ वायरी जिथे एकत्र येतात त्या पट्टीशी, जोडणं म्हणजे बाँडिंग. एक हात नळावर आणि दुसरा गिझरवर असताना दोघांत व्होल्टेजचा फरक राहू नये, एवढ्यासाठी बाँडिंग असतं. तुटल्यावर दोन्ही सारख्याच गप्प बसतात.

आकडे, आणि ते तसे का आहेत

आपल्याकडे अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि वायरिंगसाठी आयएस ७३२ ही मानकं आहेत. स्वतंत्रपणे नेलेली अर्थ वायर, म्हणजे फेज-न्यूट्रलच्या केबलचा किंवा पाईपाचा भाग नसलेली, तांब्याची असेल तर ती पाईप किंवा तशाच संरक्षणात असताना किमान २.५ चौरस मिमी हवी. संरक्षण नसेल तर किमान ४. बाथरूममधल्या पूरक बाँडिंगलाही, म्हणजे तिथल्या धातूच्या वस्तू जागच्या जागी एकमेकींशी जोडणाऱ्या वायरीलाही, हेच दोन आकडे लागतात. मुख्य बाँडिंगची, म्हणजे अर्थबारपर्यंत जाणारी, वायर तांब्याची असेल तर किमान ६, लोखंडाची असेल तर किमान ५०. लंडनमध्ये घर असलेल्या भावाशी बोललात तर तिथल्या बीएस ७६७१ या वायरिंगच्या मानकातही हेच २.५ आणि ४ सापडतील, कारण दोन्हीकडचे आकडे एकाच आंतरराष्ट्रीय मानकावरून आलेले आहेत.

अडीच आणि चार यांतला फरक करंटमुळे पडलेला नाही. समजा बिघाडात ५०० अँपिअर करंट ०.१ सेकंद वाहिला. करंटचा वर्ग गुणिले वेळ, त्याचं वर्गमूळ, आणि त्याला पीव्हीसी आवरणाच्या तांब्यासाठी १४३ ने भागायचं. उत्तर येतं १.१ चौरस मिमी. करंट झेलायला एवढी तार पुरते. वरची जाडी फक्त ओढ, धक्का, दाब आणि खिळा यांच्यासाठी आहे. चारची वायर म्हणजे स्वतःचं चिलखत अंगावर घेऊन फिरणारी वायर, आणि अडीचचीला ते चिलखत बाहेरून द्यावं लागतं.

आता आपल्या जुन्या सवयी या आकड्यांवर लावून बघा. कित्येक वर्षं १४ नंबरची उघडी तांब्याची तार अर्थसाठी वापरली गेली. तिचा व्यास २.०३ मिमी, म्हणजे ३.२४ चौरस मिमी. पाईपात असेल तर चालते. भिंतीवर उघडी क्लिप केली असेल तर कमी पडते. १६ नंबरची तार २.०८ चौरस मिमी भरते, ती पाईपातही कमीच. चाळींच्या जिन्यातून वर गेलेली ८ नंबरची जीआय (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाची) तार साधारण १३ चौरस मिमी असते. हाताला दणकट लागते, पण लोखंडाचा रोध तांब्याच्या जवळपास आठपट असल्याने तिचं काम दीडच्या तांब्याच्या तारेएवढंच. त्यात जस्त उडून गंज चढला की तेवढंही उरत नाही. मुख्य बाँडिंगसाठी ती तार धरायचीच नाही.

पहिली पायरी: वेगळी वायर टाळता येते का ते बघा

नवीन वायरिंग असेल तर उत्तर सोपं आहे. फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही एकाच पाईपातून न्या. फेजला मिळालेलं संरक्षण अर्थला फुकटात मिळतं. शिवाय तिन्ही जवळजवळ असल्याने बिघाडाच्या वाटेचा विरोध कमी राहतो आणि एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच, लवकर पडतो. नंतर आठवण झाली म्हणून बाहेरून ओढलेली अर्थ हीच पुढे तुटते. पंपाच्या पॅनलचीही तशीच होती. थ्री-पिन सॉकेट मागाहून बसवलं आणि अर्थ वेगळ्या वाटेने आणली, हे घराघरात दिसतं.

दुसरी पायरी: पूर्ण वाट चालून बघा

जिथे वेगळी वायर आहेच, तिथे वही आणि टॉर्च घेऊन अर्थच्या खड्ड्यापासून, म्हणजे अर्थ जिथे जमिनीला जोडलेली असते तिथून, सुरुवात करा आणि शेवटच्या बाथरूमपर्यंत चाला. प्रत्येक तुकड्यासाठी तीन गोष्टी लिहा: किती जाड, कशाची, आणि इथे तिला काय लागू शकतं. अंदाजाने लिहू नका. वायरवरची छपाई वाचा, उघड्या तारेची जाडी व्हर्नियर लावून मोजा.

काही उघडून बघायच्या आधी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्यातला करंट दाखवणारा चिमट्यासारखा मीटर, अर्थच्या वायरभोवती लावा. करंट दिसला तर हात थांबवा. सोसायटीच्या सामाईक अर्थमधून दुसऱ्या कुणाच्या तरी फ्लॅटचा गळतीचा करंट वाहत असतो. अशी वायर तोडली की सुटलेल्या टोकावर व्होल्टेज येतं. तुमच्या घरचा मेन बंद असून त्याचा उपयोग नाही. दिव्याचा होल्डर किंवा स्विच बदलण्यापलीकडचं काम कायद्याने परवानाधारक कंत्राटदारानेच करायचं असतं, आणि अर्थच्या बाबतीत हा नियम कागदापुरता समजू नका. बघणं, लिहिणं, फोटो काढणं मात्र कमिटीतला कुणीही करू शकतो.

तिसरी पायरी: खड्डा ते मीटररूम

हा तुकडा जमिनीत असतो, म्हणून फावडं आणि गंज हे त्याचे दोन शत्रू. गंजापासून संरक्षण असेल पण धक्क्यापासून नसेल, तर तांबं किंवा जीआय किमान १६ चौरस मिमी हवं. गंजापासूनच संरक्षण नसेल तर तांबं २५ आणि लोखंड ५०. आपल्याकडची नेहमीची २५ बाय ३ मिमीची जीआय पट्टी ७५ चौरस मिमी भरते, त्यामुळे आकड्यांत ती बसते. तरीही दोन फूट खाली घाला, खालीवर वाळू टाका, वर विटांचा थर द्या आणि त्यावर पिवळी सूचनापट्टी अंथरा. पुढच्या वेळी ड्रेनेज किंवा इंटरनेटच्या केबलसाठी खोदणाऱ्याला विटा लागल्या की तो थांबतो. गाड्यांच्या रस्त्याखालून जाताना पट्टी पाईपातूनच न्या.

जमिनीतून वर येते ती जागा सगळ्यात कच्ची. माती आणि हवा जिथे भेटतात त्या वीतभर पट्ट्यात ओल टिकते आणि पट्टी पातळ होत जाते. मालवण-रत्नागिरीकडे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, तिथे हे फार लवकर होतं. तेवढ्या भागावर बिटुमेनचा लेप द्या किंवा उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवा, आणि जमिनीच्या वर दोन मीटरपर्यंत पीव्हीसीचा जाड पाईप घाला. यात आणखी एक फायदा आहे. उघडं तांबं चोरीला जातं, पाईपातलं डोळ्यावर येत नाही.

ॲल्युमिनिअम जमिनीत घालायचं नाही, आणि ओल्या प्लास्टरमध्ये उघडं दाबायचंही नाही. ते आतल्या आत खाल्लं जातं.

लोखंडी पाईप वापरावा का, हे बरेच जण विचारतात. मजबुतीला उत्तम, पण एकटी अर्थ वायर लोखंडी पाईपातून नेली तर बिघाडाच्या वेळी पाईपातलं लोखंड चुंबकासारखं वागून करंटला अडवतं. म्हणून पाईपाची दोन्ही टोकं त्याच अर्थ वायरला जोडा. ते जमत नसेल तर जाड पीव्हीसी वापरा.

चौथी पायरी: पार्किंग, डक्ट आणि जिना

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण सगळ्यात जास्त तुटलेल्या वायरी इथे सापडतात. स्टिल्ट पार्किंगच्या खांबावर बंपरच्या उंचीला चारची वायर क्लिप केलेली असते. नियमाच्या आकड्यात ती बसते. पण चार चौरस मिमी हा शिडी, खुर्ची, झाडू यांच्यासमोर टिकणारा आकडा आहे, मागे घेणाऱ्या गाडीसमोर टिकणारा नाही. नियमाचा किमान आकडा गाठला म्हणजे जागेकडे बघायची गरज संपत नाही. फरशीपासून दीड-दोन मीटरपर्यंत जिथे गाडी, सिलिंडर, पाण्याच्या टाक्या किंवा सोफा सरकतो, तिथे वायर कितीही जाडीची असली तरी तिच्यावर पाईप हवाच.

पाईप घेताना दुकानात नुसतं 'पीव्हीसी द्या' म्हणू नका. वायरिंगच्या पाईपवर हलका, मध्यम, जड असे वर्ग छापलेले असतात. भिंतीच्या आत मध्यम, म्हणजे एमएमएस, चालतो. पार्किंग आणि पंपरूममध्ये जड, म्हणजे एचएमएस, घ्या. केसिंग-कॅपिंग, म्हणजे भिंतीवर लावायची झाकणाची चौकोनी पट्टी, घरात दिसायला नीट असतं, पण लाथ लागली की कॅप निघते, म्हणून ते पार्किंगमध्ये नको. २५ बाय ३ ची पट्टी असेल तर, जमिनीतून वर येणारा भाग सोडून, मी तिच्यावर पाईप घालायला सांगत नाही. ती वाकेल, तुटणार नाही. फक्त दर मीटरला पक्का आधार द्या आणि सांध्याच्या जागी दोन बोल्ट मारा.

डक्टमधल्या वर चढणाऱ्या वायरीला गाडी लागत नाही, पण उंदीर आणि प्लंबर लागतात. प्लंबर ड्रेनेजचा पाईप बदलताना तिच्यावर पाय ठेवून चढतो. म्हणून ती डक्टच्या कोपऱ्यात, पाईपांपासून लांब, आणि पूर्ण उंची पाईपात असावी. ड्रेनेजच्या पाईपाला सुतळीने बांधलेली अर्थ दिसली तर त्याच दिवशी सोडवून घ्या. स्लॅबमधून जाते तिथे स्लीव्ह हवी आणि वायर गेल्यावर भोक आग अडवणाऱ्या मसाल्याने बंद हवं.

लिफ्टच्या शाफ्टमधलं काम लिफ्टवाल्या कंपनीकडे सोपवा.

पाचवी पायरी: गच्ची

'पीएम सूर्य घर' योजना २०२४ साली आल्यापासून गच्चीवर अर्थच्या वायरी फार वाढल्या. पॅनलच्या सांगाड्यापासून निघालेली हिरवी-पिवळी वायर गच्चीवर नुसती टाकलेली असते. तिच्यावरून लोक चालतात, वाळवणं घालतात, टाकी साफ करणारे शिडी ओढतात, आणि उन्हाने आवरण दोन-तीन वर्षांत तडकतं. इथे पाईप उन्हात टिकणारा हवा आणि वाट पॅरापेटच्या भिंतीने हवी. फरशीवर क्लिप मारायला ड्रिल लावू नका. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर, फुटला तर खालच्या घरात गळती सुरू होईल आणि लोक सोलरच काढायला सांगतील. आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या तडितरोधकाची खाली जाणारी पट्टी हा वेगळा विषय आहे. तिचे नियम वेगळे, ती शक्य तितकी सरळ जावी लागते, तिला या वायरींसारखं वळवत नेऊ नका.

सहावी पायरी: घराच्या आत

भिंतीच्या आतल्या वायरीला धक्का लागत नाही, खिळा आणि छिन्नी लागते. नूतनीकरणात चिमणीसाठी भोक पाडताना अर्थ कापली गेली आणि चिमणी, फ्रीज, मिक्सर सगळं चालूच राहिलं, अशी घरं मी बघितली आहेत. यावर पाईपापेक्षा वाटेची शिस्त जास्त कामाची. झिरी बोर्डापासून सरळ उभी किंवा सरळ आडवी मारा, तिरपी कधीच नको. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा.

बाथरूममध्ये आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे पाईप असतात, त्यांना बाँडिंग लागत नाही. जुन्या घरात जीआयचे पाईप असतील तर गिझरची बॉडी आणि गरम-थंड दोन्ही पाईप जोडणारी वायर पाईपात अडीचची किंवा उघडी चारची हवी. मी चारचीच वापरतो. ओल्या जागेत, हाताशी असलेल्या वायरीत दीड चौरस मिमीची काटकसर करू नये. गॅसच्या पाईपाला मात्र स्वतः क्लॅम्प लावू नका, गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. आणि त्या पाईपाचा अर्थचा खड्डा म्हणून वापर कधीच करू नका.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे, मग अर्थची एवढी काळजी कशाला, असंही विचारतात. अर्थ शाबूत असेल तर बिघाड होताच गळती अर्थमधून जाते आणि आरसीसीबी लगेच पडतो, तेव्हा उपकरणाला कुणी हातही लावलेला नसतो. अर्थ तुटलेली असेल तर तो पडण्यासाठी करंट आधी माणसाच्या अंगातून जावा लागतो.

सातवी पायरी: सांधे आणि टोकं

पाईपात नेलेल्या वायरीचंही टोक उघडंच असतं, आणि बऱ्याच वायरी तिथेच सुटतात. टोकाला क्रिंप केलेला (दाबून बसवलेला) लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक, खाली साधा आणि वर स्प्रिंग वॉशर, मग नट. तांब्याचा लग थेट जीआय पट्टीवर घट्ट केला तर ओलीत जस्त खाल्लं जातं, म्हणून कल्हई केलेला लग घ्या. सांधा भिंतीत पुरू नका, उघडून बघता आला पाहिजे. अर्थच्या वाटेत स्विच किंवा फ्यूज नको. तपासणीसाठी सोडता येणारी लिंक चालते, पण ती पान्ह्यानेच सुटली पाहिजे, हाताने नाही. आणि वायर टोकाला ताणलेली नको, वीतभर सैल वळसा ठेवा. पॅनल हललं तर ताण सांध्यावर येता कामा नये.

आठवी पायरी: मीटर लावा, पण डोळ्यांनीही बघा

कंटिन्युइटीची, म्हणजे वायर टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे का याची, चाचणी किमान २०० मिलिअँपिअर सोडणाऱ्या टेस्टरने करायची. साध्या मल्टिमीटरची बीप गंजलेल्या सांध्यातूनही वाजते. दहा मीटर चारच्या वायरीला ०.०५ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा.

पण या आकड्यावरही पूर्ण विसंबू नका. चारच्या वायरीत ०.३ मिमीच्या ५६ तारा असतात. समजा खिळ्याने किंवा घट्ट मारलेल्या क्लिपने दोन सेंटिमीटरमध्ये त्यांतल्या ५० तुटल्या. उरलेल्या सहा तारांचा त्या तुकड्यातला रोध एक मिलिओहमही भरत नाही. टेस्टर तेव्हाही ०.०५ च दाखवेल आणि तुम्ही 'ठीक' लिहाल. मघाचा ५०० अँपिअरचा करंट ०.१ सेकंद आला की त्या सहा तारा वितळतील, आणि पॅनलची बॉडी त्या क्षणी अर्थशिवाय राहील. अर्धवट तुटलेली वायर मीटरला कळत नाही. ती बोटाला कळते. संपूर्ण वायरीवरून हात फिरवा, अर्थात पुरवठा बंद करून आणि क्लॅम्प मीटरवर शून्य बघून. चेपलेली, बारीक झालेली, कडक झालेली जागा लगेच लागते. तो तुकडा बदला. टेप गुंडाळू नका.

मोडलेल्या वायरीला नंतर पाईप चढवू नका, हेही इथेच सांगतो. पाईपात गेलेला दोष कायमचा झाकला जातो. आधी वायर नवी, मग पाईप.

सोसायटीचा खर्च निघत नसेल तर

सगळं एकदम होत नाही, मान्य आहे. मग क्रम असा लावा: पंपरूम आणि पार्किंगमधल्या दोन मीटरखालच्या सगळ्या उघड्या वायरी पहिल्या, जमिनीतून वर येणारी पट्टी दुसरी, गच्ची तिसरी, डक्ट शेवटी. पहिल्या कामाला दहा-पंधरा मीटर जड पाईप, सॅडल, लग आणि एका वायरमनचा एक दिवस एवढंच लागतं. ठाण्याच्या त्या पंपरूममध्ये नेमकं एवढंच काम झालं. चारची नवी हिरवी-पिवळी वायर, छताजवळून नेलेला एचएमएस पाईप, खाली उतरताना पॅनलच्या वरूनच आत शिरवलेला, म्हणजे शिडीच्या वाटेत काहीच उरलं नाही. वाटेचा नकाशा, टेस्टरचा आकडा आणि तारीख कागदावर लिहून तो प्लास्टिकमध्ये घालून पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला, आणि खाली पुढच्या तपासणीचा महिना लिहिला: मे, पावसाच्या आधी.